दहात एकदा

१४ जानेवारी १९७७, शुक्रवार

पिकअपमध्ये पुढे कफील, म्हणजे आमचा अरब मालक, आणि इसहाक, मागे उघड्यावर मी! इसहाक ड्रायव्हर आहे, तो पुढेच बसणार, एवढं मलाही कळतं. पण दोघांच्या मधे खजुराची गोणी होती. गोणी मागे टाकून मला पुढे घेता आलं नसतं? शेतावर पोचेपर्यंत नाकातोंडात वाळू. पंप दुरुस्त केला मी. शाबासकी कुणाला? गाडी रुतू दिली नाही म्हणून इसहाकला!

मला जुबैलला येऊन तीन वर्षं होतील. हा राजापूरचा इसहाक येऊन दीड वर्षही नाही. अरबी फडाफडा बोलतो. आमच्या कफीलबरोबर, म्हणजे अबू सालेहबरोबर, नमाजाला उभा राहतो, त्याच्याच थाळीत जेवतो. माझी थाळी वेगळी येते. मटण तेवढंच असतं, तक्रार नाही. पण वेगळी ती वेगळी.

खरं दुखणं दुसरंच आहे, इथे लिहायला काय लाज! वर्कशॉपमागची फॅमिलीची खोली रिकामी झाली आहे. एसी, मोरी, ओटा सगळं आहे. कफील एकाच माणसाला बायको आणू देणार. माझा सही केलेला अर्ज दोन वर्षं त्याच्या खणात पडलाय. शालनचा पासपोर्टही तेव्हाच काढून ठेवला. आता इसहाकची बिलकिस येणार आणि माझा अर्ज तसाच कुजणार.

आज संक्रांत. शालनच्या पाकिटातून तिळगुळाचा नुसता चुरा निघाला. चिमूटभर तोंडात टाकला. गोड बोलायला समोर कोण? इसहाक!

१७ जानेवारी

आज मजा झाली!

नव्या शहराच्या आखणीचे खुंट शेतापलीकडे आल्यापासून त्या वाळूला सोन्याचा भाव आलाय. कफीलचा चुलतभाऊ म्हणतो, अर्धी जमीन माझी. परवा म्हणे बंदूक दाखवून गेला. भाऊबंदकी काही फक्त साताऱ्यातच नसते!

म्हणून कफीलनं पिस्तूल आणलं. अल खफजीला कुणाकडून तरी घेतलं, बत्तीस बोअरचं, तळहातात मावेल एवढं. दोन मर्सिडीज दारात उभ्या, आणि पिस्तूल घेतलं सगळ्यात स्वस्तातलं! वर मला म्हणतो कसा, "भिकू, तू असकरी था. हादा जेन? कपडे में छुपेगा? देख के बोल."

होतोच मी असकरी, म्हणजे शिपाई. पंधरा वर्षं फौजेत आर्मरर, हत्यारं तपासणारा. इथे कुणी विचारलं नव्हतं, आज विचारलं: हादा जेन, हे ठीक आहे का? इसहाक तेव्हा चहाचा ट्रे धरून उभा होता.

१८ जानेवारी

शिफ्ट संपल्यावर पिस्तूल खोललं. बॉडी हलक्या धातूची, वरचा काळा रंग नखानं निघतो. नळी मात्र बरी आहे. चाप जड, खरखरीत. नेम धरायची माशी इतकी बारीक की म्हातारपणी दिसायचीच नाही. मॅगझिनमध्ये सात राउंड, पण पहिला वर चढताना अडतो. मॅगझिनचे ओठ जरा घासले, आता सरळ चढतो. भरल्यावर वजन पाऊण किलोच्या आत.

लपतं का बघायला तोब हवा, अरबांचा तो पायघोळ झगा. माझ्याकडे कुठला? इसहाककडेच मागावा लागला! "घे की, भिकूदादा, धुतलेलाच आहे," म्हणाला आणि मी तो घालून वर्कशॉपभर फिरलो तेव्हा पोट धरून हसला. खिशात ठेवलं तर खिसा गुडघ्यापर्यंत लोंबतो, चालताना मांडीवर आपटतं, आंधळ्यालाही कळेल. आत कमरेला, उजव्या कुशीच्या जरा मागे ठेवलं तर काही दिसत नाही. पण म्यान हवं. जुन्या बुटाचं चामडं काढलंय, मीच शिवणार.

२१ जानेवारी, शुक्रवार

खजुराची गोणी मागे. मी पुढे, दोघांच्या मधे!

वाळवंटात तुपाचे डबे मांडले. सात पावलांवरून पन्नास राउंड मारले, दोनदा अडकलं, बाकी सगळे डब्यात. कफीलनं टाळ्या वाजवल्या, मग स्वतः मारले. मग इसहाकच्या हातात दिलं. त्यानं दोन्ही डोळे मिटले आणि चाप ओढला! गोळी कुवेतला गेली असेल. कफील हसता हसता खाली बसला. मीही हसलो, जरा जास्तच.

तीन वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस.

२२ जानेवारी

शेवटची परीक्षा राहिली होती, पेन्सिलीची. फौजेतल्या उस्तादांनी शिकवलेली. पिस्तूल रिकामं करायचं, घोडा चढवायचा, सुरक्षेचा खटका लावायचा आणि नळीत पेन्सिल सोडायची. मग गुडघ्याएवढ्या उंचीवरून मुठीच्या बाजूनं फळीवर टाकायचं. पेन्सिल जागची हलता कामा नये. उडाली तर समजायचं, आत पिन सुटली.

नऊ वेळा हलली नाही. दहाव्या वेळी उडून थेट पायाशी आली! पुन्हा दहा वेळा टाकलं, पुन्हा एकदा उडाली. आतली खाच झिजलेली आहे. राउंड आत असताना हे पडलं तर खटका लावलेला असो नसो, दहात एकदा उडणार.

पलटणीत अशा हत्याराला लाल टॅग बांधत. टॅग बांधलेलं हत्यार कमांडिंग ऑफिसरनं मागितलं तरी द्यायचं नाही. मीही लाल कपड्याच्या तुकड्यावर लिहिलं: नापास, वापरू नये. खाली तारीख आणि सही.

उद्या कफीलला सांगतो. एवढी बारीक खोड आणखी कोण काढणार!

२३ जानेवारी

सांगायला गेलो होतो. टॅग खिशात होता.

मी तोंड उघडायच्या आत कफीलच सुरू झाला. पिस्तूल इसहाक बाळगणार! मोठ्या माणसानं कमरेला हत्यार लावून फिरणं बरं दिसत नाही म्हणे. पोलिसांचं मी बघतो, तो माझा माणूस आहे. आणि बोलता बोलता म्हणाला, "इसहाक ने रूम मांगा. खलास, दे दिया."

खोली गेली.

मग पिस्तूल उचलून मला विचारलं, "जेन?"

मी म्हटलं, "जेन."

२४ जानेवारी

कामात दोनदा पाना हातातून पडला.

२६ जानेवारी

मला विचारलं होतं, उडतं का? उडतं. लपतं का? लपतं. पडलं तर काय होतं, हे कुणी विचारलं? नाही ना!

इसहाक म्यानाचं माप द्यायला आला. शिंप्यापुढे पोरं उभी राहतात तसा हात वर करून उभा. त्याच्या कमरेला टेप मीच लावला. चौतीस इंच. म्हणाला, "मना ह्याची भीती वाटते, दादा. तू बघून दिलंस म्हणून लावतो, नायतर हात लावला नसता." मग विचारलं, "एक गोळी आत चढवून ठेवू का? कफील म्हणतो, तयार पायजे."

मी म्हणालो, "कफील म्हणेल तसं कर."

हे लिहायचं नव्हतं. पण लिहून ठेवतो. बोललो खरा असं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टीच्या दिवशी इसहाक खोलीला रंग देतोय. आकाशी. शीळ घालतोय! खिडकीला फुलाफुलांचा पडदा. मला हाक मारून विचारतो, "दादा, ओटा बायकांना उंच पडेल काय?" मला काय विचारतोस! माझी बायको येतेय का? मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. चार बोटं उंच आहे.

बिलकिस तिथे भाकऱ्या थापणार. शालनचं तीन आठवडे पत्र नव्हतं. शेवटी आलं त्यात चार ओळी: "सगळे खुशाल. गडबडीत आहे. जास्त लिहीत नाही." कसली गडबड? माणूस तीन वर्षं समोर नसला की असंच होणार.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी इसहाकनं पिकअपमधून उडी मारली आणि पिस्तूल म्यानातून निसटून सिमेंटवर पडलं. माझ्यासमोर!

काही झालं नाही. त्यानं उचललं, फुंकर मारली, हसला. "म्यान जरा ढिला झाला, दादा. एक टाका मार."

दहातली एक गेली. मी टाका मारून दिला. घट्ट मारला. दोरा तोडताना शब्द अगदी दातांशी आला होता, तेवढ्यात तो म्हणाला, "खोलीत उद्या गॅस लावतायत." आणि शब्द मागे गेला. मी असा नव्हतो. फौजेत विचारा कुणालाही!

१९ फेब्रुवारी

त्याला लांबून बघतो. गाडीत बसताना, नमाजाआधी वजूला हातपाय धुताना, वाकताना. तो वाकला की मी हातातलं काम सोडतो. टॅग उशीखाली आहे.

३ मार्च, गुरुवार

दुपारी इसहाक जेवणाच्या शेडमध्ये आला आणि माझ्या थाळीशेजारी एक कागद ठेवला. "आता सांगतो, दादा. शिक्का बसला."

इथे व्हिसाचं कुणी आधी बोलत नाही. शिक्का बसेपर्यंत बोललं की काम फिसकटतं, सगळी कोकणपट्टी हे मानते, आम्ही घाटावरचेही मानतो. म्हणून तो बोलला नव्हता. कागदावर अरबीत आणि इंग्रजीत नाव. इंग्रजी मला वाचता येतं. शालन भिकू जगदाळे.

बिलकिस शाळेत शिकवते. ती नोकरी सोडून येत नाही, हे तिनं दिवाळीतच कळवलं होतं. कफीलनं इसहाकला सांगितलं, पिस्तूल बाळग आणि काय हवं ते माग. यानं खोली मागितली. माझ्यासाठी! "तुझा अर्ज माझ्या आधीचा," म्हणाला. "आणि आल्या आल्या मना कावीळ झाली, तेव्हा महिनाभर पेज कुणी भरवली?" मी ते विसरूनही गेलो होतो. शालनला सगळं बिलकिसनं पत्रानं कळवलं, आणि शपथ घातली की नवऱ्याला लिहायचं नाही. उद्या चारला धहरानला विमान. हा गाडी घेऊन जाणार, पाच वाजता कफीलचा पंप चालू करायचा म्हणून मी इथे थांबणार.

मी उठलो. त्याला शेडमागे नेलं आणि म्हटलं, "ते काढ. आधी काढ." मॅगझिन काढलं, आतली गोळी काढली. उशीखालचा टॅग आणून त्याच्या हातात दिला. त्यानं मजकूर वाचला. मग तारीख वाचली.

"बावीस जानेवारी," तो म्हणाला.

"व्हय."

"बारा तारखेला पडलेला तेव्हा?"

"व्हय. ठाऊक हुतं."

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं! त्यानं टॅग नीट घडी करून मला परत दिला. म्यान सोडून बाकड्यावर ठेवलं. "उद्या दोनला निघायला होवा," एवढंच म्हणाला आणि गेला.

पिस्तूल टॅग बांधून कफीलपुढे ठेवलं. खरं सांगितलं. तो ओरडला नाही. पिस्तूल खणात टाकून कुलूप लावलं.

४ मार्च, शुक्रवार

शालन आली. बारीक झालीय. ओटा तिला चार बोटं उंच पडतो.

इसहाकनं ट्रंक उंबऱ्यापर्यंत आणली आणि तिथूनच परत गेला. चहाला बोलावलं तरी थांबला नाही. ती म्हणते, "भावोजींनी वाटेत एकच विचारलं. म्हणाले, दादा घरी कधी खोटं बोललेत का?"

"मग?"

"मी सांगितलं, जीव गेला तरी बोलायचे नाहीत."