घड्याळाची शाबासकी

आई,

आधी नमस्कार, मग तक्रार. तब्येत छान आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतोय?

इथल्या शिबिरातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा तिरंदाजांना कॅलरी मोजणारी घड्याळं बांधलीयेत. जेवढ्या जळतील, तेवढंच ताटात. माझं घड्याळ डाव्या मनगटावर आहे, म्हणजे धनुष्य धरलेल्या हातावर. उजवीकडे बांधलं तर दोरी ओढताना हनुवटीला घासतं. आता डावा हात हलला की नेम गेलाच! मी दिवसभर बर्फात उभी राहून धनुष्य ओढते, आणि घड्याळ म्हणतं, ही नुसती बसलीये. बाईंना सांगून सांगून घसा बसला. म्हणतात, "यंत्र कशाला खोटं बोलेल गं?"

काल बोचरा वारा सुटला. जाड जाकिटाच्या बाहीला दोरी अडकते म्हणून ते काढून ठेवलं होतं. थंडीने डावा हात असा लटलट कापला की बाण भलतीकडेच! सर सगळ्यांसमोर ओरडले, "परवा निवड आहे, विसरलीस का?"

घड्याळ मात्र खूश. जेवताना बाईंनी कौतुकाने दुप्पट वाढलं.

बाबांना सांग, काल पोटभर जेवले. हे मात्र खरं आहे.

तुझी, आता नावापुरतीच,
ढब्बू