तिजानीच्या कॅफेमागचा खजूर

तोझर, खजुरांना तुरे बांधायचा हंगाम

आदरणीय अमारादादा यांस, तुमचा मेहुणा लझहर याचा सलाम.

तुमच्या गुडघ्यांना उतार असेल, वहिनींचा खोकला आणि तुमचा राग दोन्ही बसले असतील, अशी अल्लाकडे मागणी आहे. पत्र पाहून नवल वाटलं असेल. हल्ली पत्र लिहितो कोण? पण कागदातून किरण निघत नाहीत, वाचणाऱ्याच्या डोक्यात झिणझिण्या येत नाहीत (आल्याच तर मजकुरामुळे), म्हणून तुमच्या प्रकृतीच्या काळजीपोटी मुद्दाम टपाल धरलं. तुमची बहीण मबरूका महिनाभर तुमच्याकडे नफ्त्याला आहे. तिने तिची बाजू सांगितलीच असेल आणि ती खरी आहे. माझी बाजू त्याहून वाईट आहे, म्हणून ती मीच सांगतो.

आमच्या भिंतीपलीकडे तिजानीचा कॅफे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याने मागची जागा मोबाइलच्या मनोऱ्यासाठी दिली. पर्यटकांच्या फोटोत लोखंड नको, म्हणून मनोरा खजुराच्या झाडाचं सोंग घेऊन येणार, हे गावभर झालं होतं. नेमका तेव्हाच मी भाच्याच्या लग्नाला स्फाक्सला गेलो. परतून बघतो तर दोन नवी झाडं! एक थेट आमच्या भिंतीशी. त्याचं खोड तासलेलं, झावळ्या दोरीने वर आवळलेल्या, वारा सुटला तरी ढिम्म. दुसरं कॅफेमागे, हिरवंगार, डेरेदार. आता मी कोण? जन्मभर खजुरांवर चढून, फळ धरावं म्हणून नरझाडाचे तुरे मादीझाडांना बांधणारा, झाड लांबून दिसलं तरी जात सांगणारा माणूस (ही कीर्ती बहुतेक मीच पसरवली आहे). कमरेवर हात ठेवून मी जाहीर केलं, ‘भिंतीजवळचा तो मनोरा. आंधळाही सांगेल.’ कॅफेतली मंडळी एकमेकांकडे बघून चहाच्या पेल्यात तोंड घालून बसली. मला वाटलं, पटलं.

त्या दिवसापासून माझं डोकं ठणकू लागलं. खरं सांगायचं तर ते आधीही दुखायचं, पण तेव्हा दुखण्याला पत्ता नव्हता. आता पत्ता मिळाल्यावर दुखणी पाहुण्यांसारखी येऊ लागली. कानात गुणगुण, पायात गोळे, हरीशाची लाल चटणी तिखट लागेना, आणि डोक्यावरचे केस गळू लागले (ते तुमच्या बहिणीशी लग्न झालं त्याच वर्षापासून गळताहेत, पण तेव्हा मनोरा नव्हता, म्हणून कोणाला बोल लावता आला नाही). मी पलंग आतल्या खोलीत नेला, खिडकीला घोंगडी ठोकली, आणि दुपारी तिजानीच्या त्या डेरेदार झाडाखाली चहा घेत बसू लागलो. काय आराम पडायचा! डोकं हलकं, झोप गाढ. आणखी चार डोकेदुखीवाल्यांना मी तिथे बोलावून बसवलं. तिजानी प्रेमाने म्हणायचा, ‘बस बस, लझहरभाऊ. या झाडात काहीतरी आहे खरं.’

पण नुसता मनोरा टाळून काय होणार? शत्रू घरातही होता. फोन बंद करून ठेव म्हटलं तर मबरूका ऐकेना. तिच्या फोनमध्ये माझ्या सासूबाईंचा, म्हणजे तुमच्या आईचा आवाज होता ना. त्या गेल्यापासून ती रोज भाकरी थापताना त्यांचे जुने निरोप लावायची. ‘मबरूका, तेल संपलंय.’ ‘मबरूका, मिरच्या वाळत घाल.’ आई स्वयंपाकघरातूनच बोलतेय असं वाटायचं. मी मात्र किरण मोजत बसलेला! एकदा ती झोपली असताना मी तिचा आणि माझा फोन उचलला आणि अंगणातल्या मातीच्या भट्टीत तळाशी राखेखाली पुरला. मातीची जाड भिंत, किरण बाहेर येतील कसे? सकाळी उठून तिला सांगणार होतो. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुरक्षित वाटलं, म्हणून मी ढाराढूर झोपलो, आणि तिने रोजच्यासारखी वाळक्या झावळ्या घालून भट्टी पेटवली.

तिने आदळआपट केली नाही, दादा. केली असती तर बरं झालं असतं. भट्टी निवल्यावर राख चाळली, जे हाती आलं ते फडक्यात बांधलं आणि शाल घेतली. दारात एवढंच म्हणाली, ‘आई दोनदा गेली माझी.’

घर खायला उठलं. करायला काही नव्हतं, म्हणून ठरवलं, ज्या झाडाने आपल्याला इतकं बरं वाटलं त्याची सेवा करावी. नराचे तुरे कमरेला खोचले आणि तिजानीच्या खजुरावर चढलो. खोडाला पायऱ्या इतक्या सरळ, की छाटणी करणाऱ्याचं मी मनात कौतुक केलं. खालून तिजानी ओरडला, ‘सांभाळून हं भाऊ! यंदा घडांना रेंज चांगली येऊ दे!’ सगळा कॅफे खदखदून हसला. मला वाटलं, जुन्या कारागिराचं कौतुक चाललंय. वर पोचून मोहोर चाचपतोय तर हाताला लागली लोखंडी पेटी, गरम, घूं घूं करणारी. झावळ्या प्लास्टिकच्या. महिनाभर मी मनोऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून बरा होत होतो! मी तिथेच खोडाला मिठी मारून बसलो, शेवटी मोबाइल कंपनीच्या माणसांनी दोर लावून मला खाली उतरवलं, तुरे कमरेला तसेच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काका, किरणांनी काय होतं, काय नाही, ते तपासणारे तपासताहेत. तुमचं डोकं डोळ्यांमुळे दुखतंय. समोरचा तक्ता वाचा.’ मी विचारलं, ‘कुठला तक्ता?’

चष्मा आला. भिंतीजवळचं झाड चांगलं जिवंत आहे. जुन्या बागेतून मुळांसकट आणून लावलेलं, म्हणून दोरीने बांधलेलं. त्याला मी रोज शिव्या घालत होतो, बिचाऱ्याला नवे कोंब फुटलेत.

वहिनींना सलाम.

तुमचा लज्जित मेहुणा,
लझहर

ता.क. कागदातून किरण निघत नाहीत वगैरे थाप होती. मी नवा फोन घेतलाय. माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून पत्र.

ता.ता.क. सासूबाईंनी मागे मला एक निरोप पाठवला होता. मी रागाने तो परदेशी लियोंला असलेल्या आमच्या लेकीला, झोहराला पाठवला होता, ‘बघ तुझी आजी तुझ्या बापाला काय म्हणते’ म्हणून. पोरीने जपून ठेवला होता. काल तिने परत पाठवला. मी ऐकत बसलोय. ‘लझहर, गाढवा, नळ अजून गळतोय. तुला सांगून माझी जीभ झिजली.’ मग त्या खोकतात, आणि म्हणतात, ‘जाऊ दे, तुझ्याशी काय बोलायचं. मबरूकाला दे फोन.’ दादा, फोन माझ्या हातात आहे. तिला पाठवा.