चार फूट वर चढवलेला आरसा

नाशिक, मंगळवार, ६ जानेवारी २०२६

चि. धम्मपाल यास ताईचा जय भीम.

थंडी यंदा हाडांत शिरते आहे. आईचे गुडघे धरलेत, तरी तुझ्या निवडणुकीची पत्रकं ती घरोघरी वाटते. रविवारच्या सभेत मीच बोलावं, असा तुझा निरोप मिळाला. "ताई, तू उभी राहिलीस की अख्खी कॉलनी ऐकते." दीड वर्षात माझ्या दारी आला नाहीस, पण माझा घसा विसरला नाहीस.

काल समाजमंदिरात डोकावले. तुझी व्यायामशाळा जोरात आहे. पोरांना दंड नीट दिसावेत म्हणून भिंतीवरचा आरसा तू चार फूट वर चढवलायस. तो आधी जमिनीला टेकलेला होता. का, ते आठवतं?

अंजलीनं लावला होता तो. ज्यांची वाढ मागे पडली आहे अशा लहानग्यांना ती तिथं आठवड्यातून तीन सकाळी फुकट व्यायाम शिकवायची. पंचवटीत भाजी विकणाऱ्या राखीची ओवी तेव्हा दीड वर्षाची होती आणि मानही धरत नव्हती. अंजली तिला आरशासमोर पालथं घालायची. स्वतःचं तोंड दिसलं की पोरगी मान उचलायची. खास खुर्ची परवडेना, म्हणून अंजलीनं द्राक्षांचं कॅरेट कापून त्यात गोधडी कोंबली. "बसल्या बघा राणीसाहेब!" म्हणून राखी हसायची.

तुला ती खोली हवी होती. तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "ताई, ती बाई आपल्या पोरांना वहीत मंद लिहिते." माझं टाळकंच सरकलं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला दुसऱ्यांनीच काहीबाही ठरवलं, आता आपल्याच समाजमंदिरात? कुठे दुखतं ते तुला पक्कं ठाऊक होतं.

इथवर तुझा गुन्हा. पुढचं स्वतःशी कबूल करायला मला तीन दिवस लागले.

मी ती वही उघडलीच नाही. जन्मभर "वाचा, वाचा" म्हणून ओरडणारी मी, दहा पावलांवरची वही न वाचता व्यासपीठावर चढले. "आमच्या लेकरांच्या कपाळावर शिक्के मारू देणार नाही!" काय टाळ्या पडल्या! दुसऱ्या दिवशी तिला काढायच्या अर्जावर तू सह्या गोळा केल्यास. पहिली सही माझी. अंजली सतरंज्या गुंडाळून गेली.

शुक्रवारी राखीकडे गेले. ओवी तीन वर्षांची झाली, अजून कडेवरच. राखी म्हणाली, "त्या बाईंकडं बसाया लागली व्हती. आता मान पण टाकते. लय उशीर झाला का ओ, ताई?"

तिचा प्रश्न मी कागदावर लिहून घेतला. मी, जिला बोलायला कधी कागद लागला नाही.

अंजलीचं घर शोधून काढलं. ती म्हणाली, "उशीर झालाय. पण अजूनही आणा तिला." तिनं वही पुढे केली. तुझा तो शब्द कुठेच नाही. ओवीच्या पानावर शेवटची ओळ आहे: "आरशात बघून हसली. आधाराशिवाय दोन मिनिटं बसली." तारीख माझ्या भाषणाच्या आदल्या दिवसाची.

तर धम्मपाल, रविवारी मी येणार. आधी माझं नाव घेईन, मग तुझं. ओवीचं पान वाचून दाखवेन. राखीला विचारलंय. ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

सोमवारी सकाळी अंजली येते आहे. समाजमंदिराची चावी आईकडून मी घेतली आहे. घाबरून आरसा खाली उतरवलास तर बरंच, तेवढे कष्ट वाचतील. पण त्या बदल्यात मी गप्प बसेन असं समजू नकोस.

आई म्हणेल, सख्ख्या भावाला माफ कर. करीन. ओवी स्वतःच्या पायांनी चालत तुझ्या दाराशी येईल, त्या दिवशी.

माईकचा आवाज मोठा ठेव. राखी मागे बसते.

जिची सही पहिली होती ती,
तुझी कुसुमताई