चाळिसापैकी अकरा

३ जानेवारी
मुख्याध्यापकांचा नवा फतवा. प्रत्येक शिक्षकाने ई-पोर्टफोलिओ करायचा. धड्याचा व्हिडिओ, मुलांचं काम, आत्मपरीक्षण, सगळं अपलोड. आणि शिक्षकांनीच एकमेकांचे तपासायचे. चाळीस मार्क. विसाच्या खाली गेला, त्याची दहावी काढून घेणार. स्टाफरूममध्ये सगळ्यांची तंतरली. मी शांत. दहावीचा भूगोल म्हणजे मीच. उद्यापासून रोज एक तास पोर्टफोलिओ.

९ जानेवारी
उद्यापासून नक्की. घाईगर्दीचं काम आपल्याला जमत नाही.

१७ जानेवारी
व्हिडिओ झाला! वाऱ्यांचा धडा. फोन शेवटच्या बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. काय रंगात आलो होतो! माझा खास विनोदही टाकला: वारा रजा का घेत नाही? अर्ज उडून जातो. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला असणार. बोलताना मला बाकीचं काही ऐकू येत नाही.

२८ जानेवारी
उद्या शेवटची तारीख. फोन कन्येच्या हवाली केला, म्हटलं यातून काय ते घे. आत्मपरीक्षणात काय लिहू म्हणून मागे लागली होती. म्हटलं, तुला सुचेल ते लिही, मला कामं आहेत. माझा पासवर्ड मला आठवेना, मग तिच्याच मेलवरून पाठवलं. बाबा, एकदा बघून तरी घ्या, म्हणाली. स्वतःचंच काय बघायचं?

५ फेब्रुवारी
ऑफिसातून नवा पासवर्ड घेतला. माझ्या मेलवर तपासायला एक पोर्टफोलिओ आला. नाव नाही, नुसता नंबर. पण मी लगेच ओळखला. हा 'कोट'. नववीचा भूगोलवाला, भर उन्हाळ्यात कोट घालतो आणि माझ्या दहावीवर डोळा ठेवून आहे. बरा सापडला!
व्हिडिओत नुसता छताचा पंखा. फोन आडवा पडलाय आणि गृहस्थांना पत्ता नाही. आवाज किरकिरा. प्रश्न हाच विचारतो, उत्तर हाच देतो. एक मुलगी 'सर' म्हणते, पुन्हा म्हणते, मग गप्प बसते. आणि कहर म्हणजे माझा रजेचा विनोद चोरलाय! सांगायची अक्कल नाही ती नाहीच. एक मूल हसलं नाही. हा मात्र पोट धरून.

६ फेब्रुवारी
व्हिडिओला तीन. मुलांचं काम म्हणून पानभर स्वतःचेच लाल शेरे, त्याला शून्य. आत्मपरीक्षण मात्र बरं आहे. 'मी बोलायला लागलो की थांबत नाही. समोरच्याला काही म्हणायचं असेल, हे माझ्या ध्यानातच येत नाही. घरीही तसंच.' दहापैकी आठ दिले. आपण काही कंजूष नाही. एकूण अकरा. शेरा: 'यांच्या हाती दहावी देऊ नये.'
बायकोला वाचून दाखवलं. बिचाऱ्याला जरा सांभाळून घ्यायचं होतं, म्हणाली. बायकांना शिस्त कळत नाही.

१३ फेब्रुवारी
मुख्याध्यापकांनी बोलावलं. अभिनंदन असेल म्हणून नवा शर्ट घालून गेलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
नंबर माझाच होता. ज्याचा पोर्टफोलिओ त्यालाच तपासायला द्यायचा नाही, आणि कोणाचा कुठला हे मशीन मेलवरून ओळखतं. मेल कन्येचा, मशीनला काय कळणार?
मुख्याध्यापक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, सगळ्या शाळेत तुमचाच शेरा नेमका आहे. दहावी कोटाकडे. हरकत असेल तर तपासणाऱ्याकडे लेखी द्या, त्याने मार्क वाढवले तर बघू.
तपासणारा तर मीच! मग काळजी कसली? नऊ मार्क म्हणजे डाव्या हाताचा मळ.

१५ फेब्रुवारी
मार्क वाढवायला बसलो. व्हिडिओ दोनदा पाहिला. ती मुलगी 'सर' म्हणते आणि मी बोलतच राहतो. काय विचारायचं होतं तिला, कोण जाणे. फार वाईट वाटलं.
नऊ मार्क कुठेच निघेनात. एकसुद्धा निघेना. कन्येला विचारलं, ते 'घरीही तसंच' तू लिहिलंस? हो म्हणाली आणि आत निघून गेली.
म्हणजे ते आठ मार्क तिचे. वजा केले. माझे तीन.