हॅझलफील्डचं कुलूप

बिन महमूद, दोहा
१८ नोव्हेंबर २००५

चि. अलेक्स यास,
लूर्दबायचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल तुझा मेहुणा जॉनसन त्याच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समधून घेऊन आला. कालवण गॅसवर होतं, ते करपलं. लवीनाचं दुखणं, तुझ्या वर्कशॉपमधली कापणीची मशिनं, थंडी, असं वाचत खाली आले, तर शेवटच्या चार ओळींत तू लिहितोस, की तुमच्या गावचं चर्च बंद करायचं ठरलं आणि मिटिंगमध्ये तूही हात वर केलास. जशी काही जुनी सायकल भंगारात दिली!

अरे, चार वर्षांपूर्वी तू इथंच इंडस्ट्रियल एरियात मशिनं दुरुस्त करत होतास. शुक्रवारच्या सुट्टीत मिस्साच्या प्रार्थनेला कुठं जायचास ते विसरलास? आधीची मल्याळी मिस्सा सुटेपर्यंत प्रार्थनेच्या हॉलबाहेर उन्हात उभा राहायचास. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही, साधी पाटी नाही. आता चर्चला जागा मिळालीय म्हणतात. बांधून होईल तेव्हा होईल, इन्शाल्ला. तोवर त्याच हॉलमध्ये पाळीपाळीने, घाईघाईत, आमची तीच दाटी. आणि तुमच्याकडे शेतकऱ्यांनी स्वतः उभं केलेलं देऊळ आहे, त्याला तुम्ही हात वर करून कुलूप लावता?

आपले बाबा वाडीतला केळ्यांचा पहिला लोंगर देवळात दिल्याशिवाय घरात केळं सोलू देत नसत. त्यांचा तू मुलगा. ॲश्लिन इंग्रजीत म्हणाली, की मम्मा, ती नुसती एक बिल्डिंग आहे. तिलाही चार शब्द ऐकवले. ती दार आपटून गेली.

या पत्रात माया शोधत बसू नकोस. आहे, पण आज रागाखाली दबलीय. लवीनाला गुडघ्याला गरम पट्टी बांधायला सांग.

तुझी,
लूर्दबाय


हॅझलफील्ड, सस्कॅचेवान
९ डिसेंबर २००५

ती. लूर्दबायस,
सा. न. वि. वि.

तू तिथून ओरडलीस ते इथपर्यंत ऐकू आलं. आता माझंही ऐक.

या गावातली आधी शाळा गेली, मग पोस्ट. मग रुळांलगतची गव्हाची उंच लाकडी कोठारं पाडली. पोरं शहरात गेली, जमिनी एक-दोन बड्या शेतकऱ्यांनी घेतल्या, घरं रिकामी उभी आहेत. रविवारी आम्हा नवराबायकोला धरून चर्चमध्ये नऊ माणसं, आणि आम्हाला सोडलं तर सगळी सत्तरीपुढची. चर्च गरम ठेवणारी भट्टी जुनी. मी मेकॅनिक, म्हणून ती दर रविवारी मीच ठोकून पेटवतो. मागच्या हिवाळ्यात आत धूर कोंडला. बाहेर उणे तीस. या म्हाताऱ्यांपैकी कुणी गुदमरलं तर देवाला काय सांगू? म्हणून हात वर केला. तुला पटो न पटो, अजूनही मला ते चुकलं असं वाटत नाही.

हात वर केला नाही तो एकट्या अगाथाने. पंच्याऐंशीची आहे, आमची शेजारीण. तिच्या वडिलांनी चर्चच्या पायाचे दगड स्वतःच्या शेतातून उपसून घोड्यांच्या गाडीने आणले. नवरा आणि जन्मतःच गेलेली मुलगी चर्चच्या मागे पुरलेली आहेत. अजून बटाटे स्वतः लावते, पिकअप स्वतः चालवते, आणि रस्त्याच्या मधोमध चालवते.

तुझं पत्र आलं तेव्हा ती ब्रेड घेऊन आमच्याकडे आली होती. कतारचा स्टॅम्प बघून काय लिहिलंय विचारलं. मी जरा गोड करून इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, की तुझा चेहरा वेगळं सांगतोय, जसं आहे तसं वाच. वाचलं. मग म्हणाली, की या घरात तुझ्याऐवजी तुझी बहीण यायला हवी होती! लवीना हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

जाताना तिने एक विचारून ठेवलंय: चर्च नव्हतं तेव्हा तुम्ही लोकांनी कसं केलं?

रागव, पण लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
अलेक्स


बिन महमूद, दोहा
१३ जानेवारी २००६

चि. अलेक्स यास,
अनेक आशीर्वाद.

घरचं पत्र शेजारणीला वाचून दाखवलंस! बाबांचा लोंगर, ॲश्लिनचं दार, सगळं? पुढच्या वेळी मी काय फक्त हवामान लिहू? पण ज्या बाईने तुला खडसावून पुन्हा वाचायला लावलं, तिच्यावर रागावता येत नाही. तिच्यासाठी लिहिते, नीट सांग. गोड करू नकोस.

मी लग्न करून दोह्याला आले तेव्हा हॉलही नव्हता. याच बिन महमूदमध्ये कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचो. एका शुक्रवारी आमच्याकडे, पुढच्या शुक्रवारी गोव्याच्या एका नर्सकडे. पडदे ओढलेले. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसू नये म्हणून चपला आत घ्यायचो, न्हाणीघर भरून जायचं. गाणी गळ्यातल्या गळ्यात. ॲश्लिनचा बाप्तिस्मा जेवणाच्या टेबलावर झाला, स्टीलच्या पातेल्यात. फादर आले तर मिस्सा, नाही आले तर जपमाळेची रोझरी. कधी चौघंच असायचो. कुणी म्हटलं नाही, की चौघं आहोत तर बंद करू.

अगाथाला सांग, की आम्हाला कुणी दार उघडून दिलं नव्हतं, पण उघडं दार कुणी आमच्या तोंडावर बंदही केलं नव्हतं. तिच्यावर ही दुसरी पाळी आलीय, ती जास्त वाईट. तुझा धुराचा मुद्दा मला कळतो. पण धूर कोंडतो तर माणसं भट्टी बदलतात, देऊळ नाही.

सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवलीत. ती मऊ करायला गरम पाण्यात टाकू नकोस, गेल्या वेळी तो पराक्रम केला होतास.

तुझी,
लूर्दबाय


हॅझलफील्ड
५ मे २००६

ती. लूर्दबायस,
सा. न. वि. वि.

अगाथा गेली, बाय. बटाटे लावायला जमीन मोकळी झाली का ते बघायला शेतात गेली होती, तिथंच खाली बसली ती उठली नाही.

सगळं क्रमाने लिहितो. फेब्रुवारीत शेवटची मिस्सा झाली आणि बिशप हाऊसने दाराला साखळी घालून कुलूप लावलं. पुढच्याच रविवारी अगाथाने सगळ्यांना तिच्या स्वयंपाकघरात बोलावलं. तुझ्या चपलांची गोष्ट तिने सगळ्यांना सांगितली, जसं काही तीच बिन महमूदला राहत होती. तिच्या मुलाने शहरातल्या वृद्धाश्रमात जागा बघितली होती. ती त्याला म्हणाली, की रविवारी माझ्याकडे लोक येतात, मला वेळ नाही.

ती गेल्यावर मुलाने बिशप हाऊसला फोन केला. ऑफिसने सांगितलं, की नवऱ्याशेजारी पुरायला हरकत नाही, पण अंत्यविधीची मिस्सा शहरातल्या चर्चमध्ये करा. हॅझलफील्डचं दार उघडता येणार नाही, इन्शुरन्स संपलाय. बाय, तिच्या बापाने ज्याचे दगड वाहिले, त्याच्या पायऱ्यांवरून तिची पेटी वळसा घालून न्यायची? माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मुलगा म्हणाला, की मी यात नाही, पण मी बघतही नाही. लिओ म्हणून एक म्हातारा आहे, एकटा राहतो, अजून गहू पेरतो. त्याला घेऊन गेलो आणि वर्कशॉपमधल्या लोखंड कापायच्या कातरीने साखळी तोडली. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी भट्टी अख्खी उकलून साफ केली, धुराडं झाडलं. मिटिंगच्या आधी हे करायला हवं होतं असं म्हणशील. लवीना म्हणालीच.

गाव सोडून गेलेली माणसं कुठून कुठून आली. बाकं भरली, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. शहरातले फादर तरुण आहेत. ते कबरीजवळच थांबले, म्हणाले, की मला आत यायची परवानगी नाही. लिओ त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, की आम्ही तिला आत ठेवलंय, तुम्ही येईपर्यंत बाहेर आणणार नाही, आम्हाला आज शेतावर काही काम नाही. फादर थोडा वेळ पावसात उभे राहिले. मग आले. आणि आल्यावर त्यांनी मिस्सा घाई न करता केली, हेही लिहायला हवं.

आता ऑफिसचं पत्र आलंय. कुलूप तोडल्याबद्दल मी लेखी माफी मागावी, नाहीतर पोलिसांत कळवू. लवीना घाबरलीय. आमचे नागरिकत्वाचे कागद अजून व्हायचे आहेत. काय लिहू ते कळव.

तुझा,
अलेक्स


बिन महमूद, दोहा
२६ मे २००६

चि. अलेक्स यास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

साखळी तोडली, नवीन बसवून देतो, एवढंच लिही. माफी हा शब्द त्या कागदावर दिसता कामा नये. जॉनसन म्हणतो, की कागद अडकतील, नमतं घे. मी त्याला म्हटलं, की आपण आयुष्यभर इथं नमतंच घेत आलो, राहायला इकामा, नोकरीला स्पॉन्सर, देश सोडायला एक्झिट परमिट, सगळ्यांपुढे. पण ते परक्याचं घर. आपल्याच देवाच्या दारातही नमून चोरासारखं उभं राहायचं का? लवीनाला भीती वाटते ते खरं, तिला रागावू नकोस. पण माफी लिहू नकोस.

काल अगाथाच्या नावाने मिस्सा ठेवायला गेले. नावं घेणाऱ्या माणसाने विचारलं, की तुमची कोण लागते? म्हटलं, भावाची शेजारीण. तो म्हणाला, की सिस्टर, आज नावं फार आहेत, फक्त जवळची नाती घेतो. मी तिथंच आवाज चढवला, इंग्रजी संपली तेव्हा मराठीत चढवला. मागच्या फिलिपिनो बायका काही न कळता माझ्या बाजूने बोलायला लागल्या. त्याने नाव लिहिलं. आज सकाळी वाचलं, चुकीचं वाचलं, पण वाचलं. ॲश्लिन माझ्या शेजारी उभी होती. तिने ते नाव दुरुस्त करून हळूच म्हटलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तुझी,
लूर्दबाय


हॅझलफील्ड
९ जुलै २००६

ती. लूर्दबायस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तेवढंच लिहिलं. पोलीस आले नाहीत. नवीन साखळी मात्र आली, आणि सोबत एक पत्र: इथल्या रहिवाशांच्या अंत्यविधीपुरतं चर्च उघडता येईल, किल्ली लिओकडे राहील. लवीनाने सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकणार होतो, पण लिओने पत्र टेबलावर आपटलं. म्हणाला, की म्हणजे आम्ही आत यायचं ते मेल्यावर, जिवंतपणी नाही! आणि त्या किल्लीसाठी मरायचा माझा अजिबात विचार नाही, गहू अजून उभा आहे.

अगाथाचं स्वयंपाकघर आता मुलाने बंद केलंय. म्हणून लिओने घडीची खुर्ची उचलली आणि रविवारी चर्चच्या बंद दारासमोर, गवतात मांडून बसला. एकटाच. रोझरी मोठ्याने म्हणत होता, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दुसऱ्या रविवारी तिघं होते. आज शहरातल्या फादरांची गाडी रस्त्यावर थांबली. बराच वेळ ते आतच बसून होते. मग उतरले आणि लिओला विचारलं, की जास्तीची खुर्ची आहे का. नव्हती. मी माझी दिली आणि उभा राहिलो.

थंडी आली की काय करायचं, ते कुणालाच माहीत नाही. किल्ली लिओच्या खिशात आहे.

लोभ आहेच तुझा. ओरडत राहा.

तुझा,
अलेक्स