शिवणीतली माया

३ मार्च

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, जीव टांगणीला लागलाय. जेवतोस ना वेळेवर? पोस्टातल्या मुलीने तिकीट देताना परत विचारलं, तुझं काय ठरलं म्हणून. तिला तीस तारखेपर्यंत बदलीचा अर्ज द्यायचाय. तू लग्नाला हो म्हणालास तर ती तुझं शहर मागेल, नाहीतर तिच्या आईजवळचं गाव. मी काय सांगू? मी चौथी शिकलेला शिंपी, त्यात मागे रांग.

लोभ आहेच, पत्र तेवढं धाड.

तुझा बाबा

११ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

वेळेवर जेवतो. आम्ही तिघे मित्र एकाच दिवशी इथे आलो. एकाने मोटार घेतली, दुसरा कारखान्यात साहेब झाला. दोघांच्या लग्नाचे कोट मीच शिवले आणि मी अजून दुसऱ्याच्याच दुकानात कापड बेततोय. परवा त्यांनी विचारलं, तुझं लग्न कधी? मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, आधी पगार वाढू दे बाबा याचा. आणि सगळे हसले. तिचा पगारही माझ्याहून जास्त. त्यांच्या बरोबरीला येईपर्यंत लग्न नाही. तिला दोन वर्षं थांबायला सांगा.

तब्येतीला जपा, माझा राग धरू नये.

आपला मुलगा

१८ मार्च

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तिला सांगायला गेलो. घाबरून तुझं पत्रच तिच्या हातात दिलं. चुकलं माझं. तिने वाचलं, नीट घडी करून परत दिलं. म्हणाली, अर्जातली गावाची जागा तीस तारखेपर्यंत कोरी ठेवते.

मीही थोरल्या भावाकडे होतं तसं स्वतःचं शिलाई मशीन होईपर्यंत तुझ्या आईला थांबवलं होतं. चार वर्षं. मशीन आलं. तू सहा वर्षांचा असताना ती गेली. मशीन अजून चालतंय. ती चार वर्षं मी रोज परत मागतो, कोणाकडे ते माहीत नाही.

तुला पहिलं काय शिकवलं होतं? अंग भरतं, म्हणून शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचं, माया सोडायची. मित्रांच्या कोटांत सोडलीस ना? मग स्वतःच्याच वेळी अगदी मापावर का कापतोस? पोरीने त्या कोऱ्या जागेत माया सोडलीय, रे.

तुझा बाबा

२४ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तिला माझं शहर लिहायला सांगा. तुम्ही लिहू नका, काना-मात्रा खाल. माझ्या लग्नाच्या कोटाचं कापड आज आणलं. माया भरपूर सोडतोय.

तुमचीही असू द्यावी.

आपला मुलगा