आठवा भागाकार

प्रिय विजया,

एकवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. तरी वाच. बाबांनी ऐंशी पार केली. गुढियारीतलं घर तेच. बाबांनी आपल्याला जिथं शिकवलं त्याच शाळेत मी गणित शिकवते, हे तिथं शिकणाऱ्या तुझ्या लेकीकडून, ज्ञानदाकडून कळलंच असेल.

दहावीचं ते वर्ष तू विसरली नसशील. रायपूर राजधानी होऊन वर्षही झालं नव्हतं, जिकडेतिकडे ऑफिसांच्या पाट्या बदलून राहिल्या होत्या. नव्या राज्याची पहिली गणित स्पर्धा, आणि आपल्या शाळेतून एकच मुलगी जाणार. निवडीचा पेपर बाबांनीच काढला. शेवटचा प्रश्न होता: ११,११,१११ ही मूळ संख्या आहे का, की तिला कशानं भाग जातो? मी तीन, सात, अकरा अशा एकेका मूळ संख्येनं भागत २३३ पर्यंत गेले, थकले आणि लिहिलं, 'मूळ आहे'. पुढचीच मूळ संख्या २३९. तू लिहिलंस, '२३९ गुणिले ४६४९'. बस, एवढंच.

बाबांचा विश्वास बसेना. पन्नासेक भागाकार केल्याशिवाय २३९ हाती लागत नाही, आणि तुझ्या पेपरात एकही नव्हता. वर्गासमोर त्यांनी विचारलं, "पोरी, हे उत्तर तुले कोणं सांगितलं?" तू म्हणालीस, "मीच काढलं सर, कच्च्या कागदावर आहे." कागद सापडला नाही. तू उभ्या उभ्या समजावू लागलीस, पण रडू आलं, शब्द अडकले, पोट्ट्या हसल्या. नक्कल केल्याचा शिक्का बसला. स्पर्धेला मी गेले. अकरावीत तू गणितच सोडलंस.

तो कागद माझ्याजवळ होता, विजया. कच्चे कागद गोळा करायचं काम माझं होतं. तुझा मी दोनदा वाचला. सात वेळा १ असलेल्या या संख्येला जी मूळ संख्या भागेल, तिला चौदानं भागल्यावर एक उरलाच पाहिजे, हे तू स्वतः शोधलं होतंस. म्हणून फक्त २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, आणि आठव्या भागाकाराला २३९. बाबांनाही हे ठाऊक नव्हतं. ते वाचून त्यांनी तुझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असतं, ती मला सहन होणार नव्हती. मी कागद फाडला. त्यांनी विचारलं तेव्हा मान खाली घालून बसले.

मागच्या सोमवारी ज्ञानदा म्हणाली, "मॅडम, मम्मी बोलती है, आप उनसे भी होशियार थीं." पुढचा तास मी घेऊ शकले नाही. संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत. सकाळी धुतलेला सदरा घालून दाराशी बसले. म्हणाले, "मले बीरगावला तिच्या घरी घेऊन चल. तिले मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, माफी बी सगळ्यांसमोर मागतो." मीच त्यांना रोखून धरलंय. तुला न विचारता तुझ्या दारात यायला आम्ही कोण? म्हणून हे पत्र. आम्ही यावं की नाही, तू सांग. ज्ञानदाला मी काही बोलले नाही. तिला काय कळावं, तेही तूच ठरव. बाबा रोज विचारतात, "उत्तर आलं काय?"

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

पद्मिनी